हजेरीच्या आधी

रविवारी शाळा.
आईला फोनवर तीनदा सांगितलं, इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते,
तरी ती म्हणाली, "पहिला दिवस, आणि रविवारचा?
नीट विचारून घे बाई."

सोहारमधला तिसरा मजला. मार्च संपत आलाय.
माझ्या बी.एड.ला नऊ वर्षं झाली.
प्रमाणपत्राच्या पुढे माझं नाव, पाठीवर शिक्केच शिक्के,
मुंबई, दिल्ली, वकिलात.
मी फिरले नाही इतका तो कागद फिरून आलाय.

पाठ टाचणाची वही उघडली.
उद्दिष्टे. साधने. पूर्वज्ञान.
पूर्वज्ञानापाशी पेन अडलं.
चौथी ब-ला काय काय माहीत असेल?
निम्मी तर इथल्याच दवाखान्यात जन्मलेली,
जुलैत 'गावी' जातात
आणि डास चावून सुजलेली परत येतात.
पहिल्या दिवसाच्या खेळात मी लिहिलं होतं,
तुझं गाव कोणतं?
खोडलं.
तू कितव्या नंबरच्या बसने येतोस?
हे येईल सगळ्यांना.

श्रीरंग स्मेल्टरवरून रात्रपाळी करून आला.
त्याला सतरंजीवर बसवून अपूर्णांक शिकवले.
हात वर करून म्हणाला, "बाई, पाणी पिऊन येऊ?"
अंशापर्यंत जागा होता,
छेदाला घोरायला लागला.

मग फ्रीजच्या दारावर मार्करने लिहून पाहिलं.
खडू हाताला थोपवून धरायचा,
हा नुसता घसरतो.
माझी ओळ उजवीकडे चढत चढत
हँडलला जाऊन धडकते.

यादीत अडतीस नावं.
हरकीरत. फिदा नौरीन. ज्युडिथ मस्करेन्हस.
भाजी निवडताना म्हणते, कुकरच्या शिट्टीवर म्हणते.
सतराव्या नावावर रेघ, बाजूला पेनाने 'टीसी'.
रेघेखालून अजून वाचता येतं : रेहान मुकादम.
आडनावावरून रत्नागिरीकडचा.
वडिलांचं काम सुटलं, महिन्याभरात घर आवरलं म्हणे.
मिसेस कुरियन म्हणाल्या, अठराला सतरा करा, सोपं पडेल.
केलं.
पण तालमीत सोळानंतर
माझा एक श्वास अजून जास्तीचा जातो.

आणि शेवटून तिसरी, जिच्या नावात झेड-एच आहे.
स्टाफरूममध्ये सगळे तिला याझिनी म्हणतात.
खालच्या बकाल्यातल्या मोइदूला विचारलं.
तो हसला. घडातलं एक केळं तोडून
माझ्यासमोर धरलं : "पळम."
पझम नाही. पलम नाही.
"जीभ मागे न्या, टाळूला टेकवू नका,
नुसती फिरवून आणा."
मी म्हणाले, "केळं."
"जवळ आलात," म्हणाला, "अजून थोडं मागे."

गिऱ्हाईक खोळंबलं होतं, पावाची लादी हातात घेऊन,
आणि मी काउंटरपाशी उभी राहून
या-ळि-नी, या-ळि-नी,
माझंच अक्षर
जरा सैल सोडून.

सहा वर्षं मी इथे धुमाल आहे.
ओळखपत्रावर, बँकेत, आता शाळेच्या फळ्यावरही.
कुणाला दुरुस्त केलं नाही.
'ल'ने कुठं काय अडतं?
पगार धुमालच्या नावानेच यायचा आहे.
पण ही नऊ वर्षांची पोर
तीन वर्षं 'याझिनी'ला 'येस मिस' म्हणत आलीय,
आणि घरी गेल्यावर तिला हाक मारतात
ती भलत्याच मुलीला.

शनिवारची रात्र.
वारा सुटलाय, खिडकीच्या फटीत बारीक वाळू साचतेय,
पुसली की पुन्हा.
ओढणीला इस्त्री झाली. पिना घेतल्या.
दोन मार्कर, एक डस्टर, घशाला लवंग.
श्रीरंग विचारतो, डब्यात दोन केळी कशाला?

एक खायला.
एक, ऐन वेळी
जीभ कुठे न्यायची ते विसरलेच तर.